नांगर उचलायची जागा

चैत्र सरत आला की आमच्या बारामतीच्या मेडिकल दुकानात इंदापूरकडची गिऱ्हाइकं पाण्याची बातमी घेऊन येतात. "पानी लई खाली गेलंय औंदा. पळसदेवाचं देऊळ पार पायरीपत्तुर उघडं पडलंय," गोळ्यांची पट्टी खिशात घालता घालता कुणीतरी सांगतं. मी मान हलवते आणि मनात विचारते, बघून आलात की ऐकून? कारण ह्या बातमीत दर वर्षी भर पडते. कुणाला देवळाची पायरी दिसते, कुणाला पायरीवरचं कासव दिसतं. मागे एकाने तर जुन्या गावातल्या गिरणीचा चामडी पट्टासुद्धा पाहिल्याचं सांगितलं. इतकी वर्षं धरणाच्या पाण्यात राहिलेला चामडी पट्टा! त्या माणसाला मी खोकल्याचं औषध दिलं आणि त्याच्यादेखत बाटलीवरची तारीख दोनदा वाचली. तो माझ्याकडे बघत राहिला. बघू दे.

ह्यावर्षीही बातमी आली आहे. दुपारी दुकानाचं अर्धं शटर ओढून मी पंख्याखाली बसते. रस्त्यावर डांबर मऊ पडलेलं असतं, समोरच्या रसवंतीची घुंगरं पेंगुळल्यासारखी वाजत असतात, आणि मला एकदम गाळाचा वास येतो. उन्हाने तडकलेला काळा गाळ, त्यात अडकून वाळलेले शिंपले, कुजकं शेवाळ, आणि वरून कलिंगडाच्या वेलाचा हिरवा, कच्चा वास. बारामतीत हा वास येण्याचं काही कारण नाही. नाकावरही माझा फारसा विश्वास नाही, म्हणून मी उठून दुकानाच्या मागची मोरी बघून येते. मोरी स्वच्छ असते.

संशय आमच्या घरात कुणी कुणाला शिकवत नाही. तो मिसरीच्या डबीसारखा ह्या हातातून त्या हातात जातो. आमचं जुनं गाव भीमेच्या काठावर होतं, ते उजनीच्या पाण्यात गेलं. पाणी चढायला लागलं तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, पण त्या दिवसांविषयी मी इतकं ऐकलंय की आपण तिथे होतोच असं वाटतं. दगडांवर लाल पट्टे ओढलेले होते. पाणी इथवर येईल, पुढे येणार नाही, असं सगळ्यांना सांगितलेलं होतं. लोकांनी माना डोलावल्या, आणि संध्याकाळ झाली की आपापली बाभळीची मेख घेऊन पाण्याच्या कडेला गेले. जिथे पाणी, तिथे मेख ठोकायची आणि सकाळी येऊन बघायची. मेख बुडालेली दिसली तर पाण्याने चाल केली. कोरडी दिसली तर ते दबा धरून बसलंय. शेवटी पाणी लाल पट्ट्यापाशीच थांबलं म्हणे. तरी पुढे कितीतरी वर्षं लोक मेखा ठोकत राहिले, आणि त्यांत माझी आई सगळ्यांच्या पुढे होती.

वडील गेल्यावर मी तिला माळावरच्या नव्या गावठाणातून बारामतीला आणलं. मेख काही सुटली नाही. गच्चीवरच्या टाकीला तिने कोळशाने रेघ ओढली, खालचे भाडेकरू जास्त पाणी वापरतात का ते बघायला. लोणच्याच्या बरणीला दोरा बांधला. दूधवाला गेला की ती दुधात बोट बुडवते, अंगठ्याच्या नखावर थेंब सोडते आणि तो किती वेळ टिकतो ते डोळे बारीक करून बघते. माझ्या दुकानातल्या गोळीवरही तिचा भरवसा नाही. "आगं अलके, ही कालचीच गोळी हाय कशावरनं? कालची वाईच फिक्कट हुती," असं तिचं रोज सकाळी असतं. मी पट्टी दाखवते. ती पट्टीची मागची बाजू बघते. लोक म्हणतात, म्हातारपणी माणसं अशी होतात. तिचं तसं नाही. ती बाळंतिणीच्या बाजेवर पडलेली होती तेव्हापासून अशी आहे.

माझ्या आधी आईला मुलगा झाला होता. बारसं व्हायच्या आतच तो गेला, त्यामुळे त्याला नाव नाही. तान्ह्या लेकराला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरायला बायका जात नाहीत. वडील आणि त्यांचे थोरले भाऊ, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, दोघं त्याला आईच्याच जुन्या लुगड्यात गुंडाळून घेऊन गेले. परत आले, अंगणात पाय धुतले. आईने बाजेवरून विचारलं, कुठं ठेवलं? वडील म्हणाले, मळ्याच्या बांधाला, शेवग्याखाली. दुपारी आबा दारात येऊन उभे राहिले. तिने त्यांनाही विचारलं. आबा म्हणाले, ओढ्याच्या काठाला, करंजाखाली.

आता मला कळतं की दोघांचाही हेतू चांगलाच असणार. ओली बाळंतीण उठून तिथे जाऊन बसेल, मातीत हात घालेल, ह्या धास्तीने त्यांनी जागा बदलून सांगितली असेल. पण दोघं एकमेकांशी बोललेच नव्हते. एकाने तरी खरं सांगितलं असेल, किंवा कुणीच सांगितलं नसेल. आईने दोघांनाही पुन्हा काही विचारलं नाही. फक्त उठून हिंडायला लागली तेव्हा तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. परसात भिंतीला टेकवून ठेवलेला, जुन्या फुटक्या जात्याचा वरचा दगड तिथे नव्हता. मधे भोक असलेला, जड दगड. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून अशा जागेवर दगड ठेवतात. त्या दगडाविषयी तिने नवऱ्याला कधी विचारलं नाही, दिरालाही नाही. मी मोठी झाल्यावर मला एकदा सांगितलं, आणि का विचारलं नाही तेही सांगितलं. "तेवढं एकच माझं मला कळल्यालं हुतं. इचारलं आसतं तर त्याचंबी खोटं केलं आसतं त्यांनी."

मग पाणी आलं. शेवगाही गेला, करंजही गेला. वडील आणि आबा पुढे आपापली जागा उराशी धरूनच वारले.

लहानपणी आई मला पाण्याच्या काठावर न्यायची. माझं मनगट ती इतकं घट्ट धरायची की बांगड्या रुतायच्या, पण तिची नजर माझ्यावर नसायची. समोर नुसतं पाणी, त्यावर ऊन, लांबवर एखादी होडी. मला त्या पाण्याचा राग यायचा. खरं सांगायचं तर पाण्याचा नाही, त्याचा. ज्याला नावसुद्धा नव्हतं त्याच्याशी भांडायचं तरी कसं, हे मला कळायचं नाही. मी काठावर दगड मारत बसायची. आई म्हणायची, "नगं मारू, लागंल." मी विचारायची, कुणाला? ती म्हणायची, "माशांना."

काही वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा मला आठवतो तो माझ्या मुलीमुळे. ईशा पुण्याला कॉलेजात होती. सुट्टीला आली ती मोबाइल पुढे करतच आली. कुठल्याशा परदेशातलं तळं, काठावर जुनी गावं, टेकाडावर किल्ला, पाण्यात अर्धं बुडालेलं देवघर. "बघ आई, लोक विमानाने जातात हे बघायला. आणि तुझ्या माहेरी हे सगळं आहे. तळं आहे, पक्षी आहेत, बुडालेलं देऊळ आहे, इंदापूरला गढी आहे. तू मला कधीच नेलं नाहीस."

"गढी बघाया कशाला जायाचं?" आई आतून म्हणाली. "तितल्या कचेरीत समदी सातबाऱ्याला जात्यात."

पण गाडीत सगळ्यात आधी जाऊन बसली ती तीच. पाणी त्या साली फार खाली गेलं होतं. आदल्या पावसाळ्याने हात आखडता घेतला होता, आणि धरणाचा तळ दिसू लागल्याची बातमी माझ्या काउंटरपर्यंत येऊन पोचली होती. आईने ती ऐकली होती. ती आमच्याबरोबर गढी बघायला येत नव्हती, हे मला पहिल्या वळणावरच कळलं. विचारलं असतं तर तिने खोटं सांगितलं असतं, म्हणून मीही विचारलं नाही. एवढं मी तिच्याकडूनच घेतलंय.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाची पाचट पेटवून रान काळं केलेलं. मधेच एखादा हिरवा फड, त्याच्या कडेला पाटाचं पाणी, पाण्यात डुंबणारी म्हैस. इंदापुरात गढीच्या पायथ्याशी आम्ही उतरलो. जुन्या जहागिरीच्या काळातली ती गढी. आता उंच मातीचा ढिगारा, बुरुजाचा एखादा तुकडा, भिंतीत उगवलेला पिंपळ. ईशा फोटो काढत फिरली. आई सावलीला बसून बुरुजाकडे बघत होती. "किती उंचावर बांधायची गढी," ती म्हणाली. "पाटील लोकांनला समद्यांवर नजर ठिवायची आसती. कोन आलं, कोन गेलं." मग म्हणाली, "भीत आसत्यात ती बी." मला हसू आलं. एवढ्या जाड भिंती ज्यांनी बांधल्या त्यांचाही कुणावर विश्वास नव्हता म्हणजे. आईला त्या बुरुजाबद्दल आपुलकी वाटली असावी, कारण उठताना तिने त्याला हात लावला.

पाण्याकाठी जत्रा भरली होती. पाणी खाली गेलं की आता सगळ्या बाजूंनी लोक येतात. जुनी देवळं, घरांची जोती, विहिरीचे गोल कठडे बघायला. काठावर कणसं भाजत होती, चिलापी मासे तळणं चाललं होतं. लांब उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची रांग उभी होती, गुलाबी, एका पायावर, माना पाण्यात घालून. ईशा "आई गं!" म्हणून ओरडली. तेव्हा मीही त्यांच्याकडे बघत राहिले. आमच्या लहानपणी इतके नव्हते. आमचं गाव गेलं आणि ह्यांचं वसलं, असं मला वाटून गेलं आणि त्याचा थोडा रागही आला. पक्ष्यांवर राग धरणारी मी एकटीच असेन.

गंगाराम नावाच्या होडीवाल्याने आम्हाला होडीत घेतलं. देवळाचं शिखर जवळ आलं. ज्या पायऱ्यांवर आई लग्नानंतर ओल्या लुगड्याने उभी राहिली होती, त्या पायऱ्यांवर आता पोरं पाय सोडून बसली होती. आई देवळाकडे बघत नव्हती. तिला लांबवर, गाळावर पसरलेलं हिरवं रान दिसलं होतं.

"ते कोन कसतंय?" तिने विचारलं.

पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात. माती काळी, लोण्यासारखी. खत लागत नाही. पाऊस येऊन पाणी चढायच्या आत पीक काढून घ्यायचं, एवढंच. पाण्याखाली गेलेलं आमचं रान उन्हाळ्यात असं दुसऱ्या कुणाकुणाच्या हातात हिरवं होतं. ते बघून कधी बरं वाटतं, कधी पोटात तुटतं.

"त्यो बबनराव हाय, वरकुट्याचा," गंगाराम म्हणाला. "तिकडं मातुर जाऊ नगा. लई वंगाळ मानूस. कुनी जवळ गेलं की ढेकळं मारतोय."

"का?"

गंगारामने वल्हं थांबवलं. "त्याच्या रानात मधीच एक तुकडा हाय. येवढुसा. भवतीनं समदं पेरतोय, पन त्या तुकड्यात नांगर घालत न्हाय. लोकं म्हनत्यात, गढीवरनं आनून पुरल्याला हंडा हाय तितं. बापालाबी ठावं हुतं, ह्येलाबी ठावं हाय. राखन करतोय."

ईशाचे डोळे चमकले. आईने मात्र वेगळंच विचारलं. "त्या तुकड्यापासनं जुना वडा कुठल्या अंगाला?"

"वड्याच्या काठालाच हाय की त्यो."

आईचा हात माझ्या मनगटावर आला. लहानपणी जसा यायचा तसाच. फक्त आता हाडं लागली.

होडीतून उतरून आम्ही गाळातून चालत निघालो. वरचा थर तडकलेला, पापुद्र्यांसारखा, पाय दिला की आतली ओल वर यायची. बबनरावाने आम्हाला लांबूनच पाहिलं. डोक्याला पंचा गुंडाळलेला, हातात मोटारीचा पाइप. "कोन हाय? फोटूवाली का?" तो ओरडला. ईशाच्या हातातला मोबाइल बघून त्याचा आवाज चढला. "ते आदी खिशात घाला. त्यात सोनं दिसतंय म्हनं. मागं दोघंजन आलं हुतं आसलंच यंतर घिऊन."

"सोनं दिसत आसतं," आई म्हणाली, "तर ही पोरगी बसनं पुन्याला गेली आसती व्हय?"

तो हसला नाही. आईही हसली नव्हती. दोघं एकमेकांना निरखत उभी राहिली, बाजारात बैल पारखावा तशी. मला पहिल्यांदाच आईच्या तोडीचं कुणीतरी भेटलेलं दिसत होतं.

"कुनाची तुमी?" त्याने विचारलं.

आईने जुन्या गावाचं नाव सांगितलं, माझ्या वडिलांचं नाव, मळ्याची खूण. आणि मग, ज्या बाईने ह्या जागेचा संशय परक्या कुणाला कधी बोलून दाखवला नव्हता, ती म्हणाली, "माझं लेकरू हाय हितं कुठं तरी. पानी यायच्या आदीचं. कुठं ते कुनी मला खरं सांगितलं न्हाय."

बबनरावाने पाइप खाली टाकला. पाणी वेलांच्या मुळाशी वाहत राहिलं. "मोटार बंद करून येतो," तो म्हणाला.

कलिंगडाच्या वेलांमधून त्याने आम्हाला नेलं. मधोमध एक उघडा तुकडा होता, एखादी बाज मावेल एवढा. गाळ तसाच, न उकरलेला. त्यावर दगड मांडून ठेवलेले, आणि कडेने वाळक्या बाभळीच्या फांद्या.

"माझ्या बानं पैल्यांदा हितं गाळपेर केली तवा बैल हितं आडलं," बबनराव सांगू लागला. "बा म्हनला, दगडं मांडून ठिवल्याली हायती, काटं घातल्यालं हायती, ही लेकराची जागा हाय. त्यानं नांगर उचलून धरला आन् पल्याड टेकवला. मला म्हनला, बबन्या, हितं नांगर उचलायचा. आता टॅक्टर हाय, त्यो वळसा घालून घेतोय."

"पण दर वर्षी पाणी येतं. वर गाळ बसतो," मी म्हटलं. माझा संशय गप्प बसेना. "जागा तीच हे कशावरून?"

"देवळाचं शिखर आन् वड्याच्या तोंडाचा काळा खडक एका रेघंत धरायचा. बानं दावून ठिवलंय. दगडं गाळात गेल्याली आसत्यात, ती वर काडायची, धुवायची, परत मांडायची. मग पेरायचं."

"मग लोकांना सांगून का टाकत नाही? हंडा म्हणतात ते."

"म्हनू द्या की हंडा. हंड्याला मानसं येत्याली, ती मी हाकलून घालीन." त्याने पंच्याने तोंड पुसलं. "खरं सांगितलं तर दगडाला शेंदूर लागंल, ताई. आज शेंदूर, उद्या वर पत्रा, परवा नारळाचं दुकान, आन् मग जत्रा. लेकराला झोप नगं व्हय?"

ईशाने मोबाइल कधी पिशवीत टाकला मला कळलं नाही.

आई खाली बसली. दगडांकडे बघत राहिली. ओढ्याचा काठ म्हणजे आबांनी सांगितलेली जागा. म्हणजे आबा खरं बोलले होते. इतकी वर्षं ती ज्या दोघांना खोटारडे समजली त्यांतला एक खरा होता. आणि मला ठाऊक होतं ती आता काय विचारणार.

"बाबा," ती म्हणाली, "ह्या दगडांत जात्याचा दगूड हाय का? मधी भोक आसल्याला?"

बबनराव गुडघ्यावर बसला. त्याने एकेक दगड उचलला, उलटा केला, आईला दाखवला आणि परत होता तसा ठेवला. सगळे ओढ्यातले गुळगुळीत गोटे. "न्हाय मावशी," तो म्हणाला. "भोकाचा दगूड कंदीच नव्हता. आसता तर बानं सांगितलं आसतं. ही पैल्यापासनं हीच हायती."

कुठेतरी टिटवी ओरडत होती. मी आईकडे बघायचं टाळलं. मनात म्हटलं, दगड कुणी नेला असेल, जात्याचा दगड कुणालाही उपयोगी पडतो, पाण्याने ढकलला असेल. संशय कसाही वळवता येतो. पण आईला तो असा वळवता येणार नाही, हेही मला माहीत होतं. तिच्यापाशी आयुष्यभराची एकच खूण होती आणि ती जुळली नव्हती. हे दुसऱ्याच कुणाचं तरी लेकरू होतं.

आईने हात पुढे केला. मधल्या गोट्यावर तळवा ठेवला, आणि झोपलेल्या पोराला थोपटावं तसं दोन-चारदा थोपटलं.

"हीच जागा हाय," ती म्हणाली.

बबनरावाने डोक्याचा पंचा काढून हातात घेतला. "मग तुमचंच का ह्ये?"

"व्हय. माजंच."

त्याने पंचा खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "बा आसाया पायजे हुता." आणि तोंड फिरवून वेलांकडे गेला.

येताना त्याने एक कलिंगड होडीपर्यंत आणून दिलं. आईने सवयीने त्यावर बोटाने टकटक केली, कान लावला. "पिकलंय," तिने निकाल दिला. बबनराव तेव्हा पहिल्यांदा हसला. मावशी, पावसाच्या आदी परत या, म्हणाला. आईने त्याच्याकडून त्याचा फोन नंबर मागून घेतला आणि माझ्याकडून वाचून घेतला, बरोबर लिहिलाय ना ते बघायला.

परतीच्या वाटेवर ईशा मागे झोपली. उसाच्या फडांवर संध्याकाळचं पिवळं ऊन होतं. आईच्या मांडीवर कलिंगड होतं आणि त्यावर तिचे दोन्ही हात. मला राहवेना.

"आई, ती जागा नव्हती ना?"

"न्हवती."

"मग त्याला हो का म्हणालीस?"

"न्हाय म्हनून काय करू? त्यो म्हनला आसता, म्हातारीचं न्हवं, मग कुनाचं? आसल्या इचारात मानसाचा नांगर खाली येतोय." ती बाहेर बघत होती. "आन् त्या लेकराच्या आईलाबी कुनी खरं सांगितलं नसंल. कुठं आसंल ती, काय ठावं. तिच्या जागी बसून आले वाईच."

मला रडू आलं. गाडी चालवताना रडू नये म्हणून मी आरशात बघितलं, तर ईशा जागी होती आणि डोळे मिटल्याचं सोंग करत होती.

"अलके," आई म्हणाली, "ह्येच्या बापाला काय ठावं हुतं? ना नाव, ना गाव. तरी त्यानं नांगर उचलला. तसं आपल्याबी जागंवर कुनीतरी उचलत आसंल." तिने कलिंगडावरचा हात काढून माझ्या हातावर ठेवला. "मला तसा दाट संशेव हाय."

तिच्या तोंडून मी तो शब्द हजारदा ऐकलाय. दूधवाला, भाडेकरू, डॉक्टर, मी, गोळ्यांच्या पट्ट्या. पण कुणीतरी आपल्या पाठीमागे, आपल्याला न कळवता, काही चांगलं करत असेल असा संशय तिने घेतलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पुढे कितीतरी दिवस मी तो मनात घोळवत राहिले. ज्याच्यावर मी लहानपणी रागावले होते, तो कुठल्यातरी शेवग्याच्या खुंटापाशी, भोकाच्या दगडाखाली असेल, आणि कुणी अनोळखी माणूस दर उन्हाळ्यात तिथे येऊन वळसा घालत असेल. ह्याला पुरावा काहीच नाही. तरी मला ते खोटं म्हणवत नाही.

ह्या वर्षीही पाणी उतरलं आहे. काल दुपारी दुकान अर्धं बंद करून घरी आले तर आई फोन घेऊन बसली होती. "बबनरावाला लाव," म्हणाली. मी लावला. तिच्या कानाला धरला, पण त्याचा आवाज मोठा, मलाही ऐकू येत होता.

"पेरलंस का रं?"

"पेरलं मावशी. भुईमूग हाय औंदा."

"नांगर उचललास?"

"उचलला की. दगडं धुऊन मांडली."

"बरं," आई म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला.

मी तशीच उभी. डोक्यात नेहमीचे किडे वळवळायला लागले. फोनवर काय, कुणीही म्हणेल उचलला. टॅक्टर भाड्याचा असतो, त्याच्या ड्रायव्हरला काय ठाऊक शिखर आणि खडक? मी म्हटलं, "आई, रविवारी जाऊन बघून यायचं का? तासाभराचा तर रस्ता आहे."

पाण्याच्या कडेला मेखा ठोकणाऱ्या त्या बाईने माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

"कशाला?" ती म्हणाली. "त्यो म्हनला न्हवं, उचलला म्हनून."

एवढ्यात खाली दूधवाल्याची घंटा वाजली. आई गुडघ्यावर हात देत उठली, मी दूध भरून आणलेलं पातेलं तिने ओट्यावर ठेवायला लावलं, आणि दुधात बोट बुडवून नखावरचा थेंब उजेडात धरला.